करवतीचं पान

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर डायनिंग टेबलवर कालचा पेपर पसरला आणि चार नवे स्पार्क प्लग त्यावर ओळीनं मांडले. बायको काहीतरी बोलणार होती, पण खाली पेपर घातलाय हे बघून तिनं सोडून दिलं. फट मोजायचा फीलर गेज काही सापडेना. टूलबॉक्स उपसता उपसता तळाशी हाताला लागलं ते तुटक्या करवतीचं पान. बोटभर लांब, एका टोकाला गंजलेलं, मधे कसली तरी चिकट पट्टी गुंडाळलेली. अण्णांचं.

त्याची दात नसलेली कड प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते त्या फटीत, म्हणजे गॅपमध्ये, घालून बघितली. सैल. नुसतं लोळत होतं आत. म्हणजे गॅप कमी करायला हवी. मग उगाचच त्या पानाला कॅलिपर लावला, तर जाडी ०.६३ मिलिमीटर. ट्यूनरनं मला मेसेजमध्ये काय लिहून पाठवलं होतं? 'सर, गॅप ०.६ ते ०.६५.' मी पान हातात घेऊन बराच वेळ नुसता बसून राहिलो.

ट्यूनर म्हणजे पंचविशीतला पोरगा. माझी सहा वर्षांची लाल टर्बो हॅचबॅक त्यानं लॅपटॉप लावून रीमॅप करून दिली, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून दिलं. या वयात मला हे कुणी सुचवलं, हे विचारू नका. कुणी नाही, माझंच मला सुचलं. गाडी पळायला लागली हे खरं. पण दोन आठवड्यांनी साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला आणि गाडीला ठसका लागला. एक, दोन, मग सलग तीन. पाय सैल सोडला की शहाण्यासारखी चालायची, दाबला की पुन्हा ठसका. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न देऊन माझ्या मॉडिफिकेशनवरचं आपलं मत नोंदवलं.

पोराला फोन केला, तर म्हणाला, "सर, स्पार्क विझतोय. बूस्ट वाढवलाय ना आपण."

हे मला पटायला वेळ लागला नाही, कारण लक्ष्मी रोड माहीत आहे. एरवी तो रस्ता ओलांडायला दहा पावलं पुरतात. तोच गणपतीत ओलांडून दाखवा. टर्बो हवा कोंबून आत भरतो, रीमॅपनंतर आणखी कोंबतो, आणि ठिणगीला त्या गर्दीतून पलीकडे उडी मारायची असते. हवा जितकी दाटलेली, तितकं जास्त व्होल्टेज लागतं. वीस-तीस हजार व्होल्ट देणारी कॉइलसुद्धा कुठंतरी हात टेकते. गर्दी कमी करता येत नसेल, तर दोन फुटपाथ जवळ आणायचे. म्हणून गॅप कमी करायची, एवढंच. सहा हजार आरपीएमला एकेका प्लगला सेकंदाला पन्नास वेळा ही उडी मारावी लागते, त्यात दोन-चार चुकल्या की लागला ठसका.

अण्णांनी हे सगळं कुठं न शिकता केलं होतं. चेतकवर. तिच्यात टर्बो नव्हता, होता तो फक्त पावसाळा. जुलैतली सकाळ, माझी शाळा सातची, आणि स्कूटर किक मारमारून थकलेली. अण्णा तिला कुशीवर आडवी करायचे, पुन्हा उभी करायचे, पुन्हा किक. मग नाइलाजानं बाजूचं पॅनेल उघडून प्लग पाना आणि टॉमी. प्लग बाहेर यायचा तो काळाकुट्ट, ऑइल मिक्स पेट्रोलनं ओला. तो पुसायचा, पॉलिश पेपर मारायचा आणि सरळ स्वयंपाकघरात. आईची सांडशी घेऊन, त्यात प्लग धरून गॅसवर भाजायचे. बाजूच्या शेगडीवर चहा. त्या चहाला जो वास यायचा तो मला अजून टू-स्ट्रोक रिक्षाच्या आठवणीबरोबर येतो, आणि लाज वाटते सांगायला, पण आवडतो. आई म्हणायची, "सांडशी घासून ठेवा." अण्णा नुसती पुसून ठेवायचे.

भाजून झालं की करवतीचं पान. फटीत घालायचं, ओढून बघायचं, पानाला किंचित अडकल्यासारखं लागलं पाहिजे. फट जास्त असेल तर प्लगच्या टोकावरची वाकलेली पट्टी पायरीच्या दगडावर टक् करून आपटायची. मग पडवीतला दिवा बंद करून मला हाक. माझं काम एकच. कॅप लावलेला प्लग इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरायचा, अण्णा किक मारणार. ठिणगी निळी आली तर अण्णा "हं" म्हणायचे. पिवळट आली तर काही बोलायचे नाहीत. एकदा माझं बोट सरकलं आणि असा झटका बसला की मी पायरीवरून थेट तुळशीजवळ. अण्णा म्हणाले, "निळी होती का?"

प्लग म्हणजे मायको, हे आमच्या घरात इतकं पक्कं होतं की दुसरा प्लग असतो हे मला कॉलेजात कळलं. मायको म्हणजे बॉशची बंगळुरूची कंपनी, १९५१ पासूनची. २००८ साली तिनं बॉश हेच नाव घेतलं, पण नाशिकच्या मायको सर्कलला ते अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्या जुन्या प्लगांवर तीन आकडी नंबर असायचे, १७५ वगैरे. आकडा मोठा तितका प्लग थंड. पुढे बॉशनं नंबर एक आकडी केले आणि अर्थ उलटा केला: आकडा मोठा तितका प्लग गरम. एनजीके आणि डेन्सोचं अजून जुन्या मायकोसारखं, मोठा आकडा थंड. म्हणजे एका दुकानात 'सातच्या जागी आठ द्या' म्हणालात तर थंड मिळेल, दुसऱ्या ब्रँडचा आठ घेतलात तर गरम. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही. नाना पेठेत एकानं मला "थंड-गरम काय, बिअर आहे का?" असं विचारलं होतं. त्याचं चुकलं नाही. मीच त्या दिवशी जरा जास्त आत्मविश्वासानं बोलत होतो.

वास्तविक मराठी माणसाला ही भानगड एका मिनिटात समजायला हवी. फ्रीजमधला आंबा हाताला गार लागतो, पण तो उष्णच. आमची आजी बर्फात घातलेल्या आंब्यालाही उष्ण म्हणायची, आणि वाफाळत्या मुगाच्या खिचडीला थंड. थंड प्लगसुद्धा हाताला थंड लागत नाही, आणि त्याची ठिणगीही काही गार नसते. त्याची प्रकृती थंड. आतलं चिनीमातीचं नाक आखूड, त्यामुळे टोकाची उष्णता झटकन इंजिनाच्या हेडमध्ये उतरते. गरम प्लगचं नाक लांब, उष्णता धरून ठेवतो. टोक फार तापलं तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतं आणि पिस्टनची वाट लावतं. फार थंड राहिलं, म्हणजे साधारण साडेचारशे अंशांच्या खाली, तर स्वतःवर बसलेला कार्बन जाळू शकत नाही आणि काळं पडतं. चेतकसारखं.

पोराचं म्हणणं होतं, एक नंबर थंड घाला, सगळे रीमॅपवाले घालतात. आणि इरिडियमच घाला. इरिडियम हा शब्द आजकाल फार भारी वाटतो लोकांना. धातू चांगलाच आहे, २४४६ अंशांना वितळतो, निकेल १४५५ ला. त्यामुळे टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं आणि बारीक टोकावरून ठिणगी सोपी निघते. पण ज्यांना आपण 'कॉपर प्लग' म्हणून खालच्या पंगतीला बसवतो, ते टोकाला निकेलचेच असतात. तांबं असतं आत, आणि ते इरिडियमच्या पोटातही असतं. मी एकदा हे एका पार्किंगमध्ये चौघांना समजावून सांगितलं. तेव्हापासून ते चौघे मला लांबून हात करतात.

तर एक नंबर थंड घालायचा का? त्या रात्री मी प्रामाणिकपणे हिशेब मांडला. खंबाटकी महिन्यातून फार तर दोनदा. त्यातही पाय पूर्ण दाबणं, बायको शेजारी नसेल तर. बाकी सगळं सिंहगड रोड. राजाराम पूल ते घर, पहिला-दुसरा, पहिला-दुसरा, पुढच्या टेम्पोच्या 'आई तुझा आशीर्वाद'वर नजर ठेवून. या जगण्याला थंड प्लग घालणं म्हणजे पुन्हा सांडशी शोधत बसणं. प्लग घेताना सगळेजण आपण कसे चालवतो ते सांगत नाहीत, कसं चालवावंसं वाटतं ते सांगतात. मीही पोराला 'हायवे रनिंग' असंच सांगितलं होतं.

शेवटी नंबर कंपनीचाच ठेवला. इरिडियम घेतले, तेवढी हौस राहिली. फक्त गॅप कमी करायची.

इरिडियमचं टोक फार नाजूक, त्याला काही लागता कामा नये. म्हणून पायरीच्या दगडाऐवजी भाजी चिरायचा लाकडी पाट घेतला आणि पट्टी त्यावर हलकेच टेकवत आणली. टक्. पान घालून बघितलं. सैल. टक्. पुन्हा पान. चौथ्या वेळी ते किंचित अडकून सरकलं, आणि ते सरकणं बोटांना ओळखीचं वाटलं. फीलर गेज नंतर बायकोच्या शिलाईच्या डब्यात सापडला. का, ते तिला माहीत. त्यानं मोजलं तर चारही बरोबर.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर प्लग बसवले. रबरी नळीचा तुकडा प्लगच्या मागे अडकवून, नुसत्या बोटांनी फिरवत. आटे तिरके लागले तर नळी आपोआप घसरते, पाना घसरत नाही. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की मग रडायचं. हेही अण्णांचंच.

अण्णा संध्याकाळी आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मागच्या हिवाळ्यात त्यांना पेसमेकर बसला. त्याबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत काय करू नये याची यादी आहे, त्यात चालू इंजिनाच्या इग्निशनपासून निदान फूटभर लांब राहा, असंही एक आहे. पेसमेकर स्वतः जेमतेम दोन-चार व्होल्टवर हृदयाला टिचकी मारतो. शेजारी तीस हजारांचा गोंधळ चालू असेल तर त्याला हृदयाचं ऐकण्यात चूक होऊ शकते.

"बॉनेट उघड," अण्णा म्हणाले. इंजिन बंद होतं तोवर ते वाकून बघत होते. चार कॉइलवरून हात फिरवला. मी सेल मारायला आत बसलो, तसे कुणी न सांगता ते मागे सरकले. फूटभर नाही, पार समोरच्या खांबापर्यंत. हात मागे बांधून, मान तिरकी करून उभे राहिले.

गाडी पहिल्या सेलला चालू झाली. मी काच खाली केली.

"गॅप किती?" खांबाजवळून ओरडून विचारलं.

"पॉइंट सहा!"

"पान जातंय?"

"जातंय."

"मग झालं," ते म्हणाले, आणि लिफ्टकडे चालायला लागले.