रांगेतला नंबर

शनिवार, रात्री साडेअकरा

लायब्ररीत होलोकॉस्टचं, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडावरचं, प्रदर्शन लागलंय. तिथली माहिती सांगायची माझी पाळी दुपारीच संपली, पण ते बघायला आलेल्या त्या ज्यू आजी अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

वावगं काहीच बोलल्या नाहीत. नाझींच्या काळात वडिलांना अमेरिकन व्हिसाच्या यादीतला नंबर मिळाला होता, घरात तो सगळ्यांना पाठ होता, असं सांगत होत्या. जवळीक दाखवायला मी बोलून गेले, "आम्हीही अकरा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेतच आहोत." त्यांनी माझा हात धरला. "हो? तुझा नंबर किती?"

नंबर नाही. आम्हाला अर्जाची तारीख असते. ती सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांना ऐकूच गेलं नसावं.

घरी येताना आधी राग आला. आमची अकरा वर्षं काय खोटी आहेत? आईच्या शेवटच्या आजारात, परत यायला व्हिसाचा शिक्का मिळाला नाही तर, या भीतीनं... जाऊ दे. आपल्या लोकांना तर 1946 पर्यंत या रांगेत उभंच राहता येत नव्हतं, आणि मग जागा किती, तर वर्षाला 100. हे सगळं त्यांना सांगायला हवं होतं, असं घोकत गाडी चालवली.

पण घोकताना दुसरंच आठवायला लागलं. कोजागिरीला वर्षाताईंकडे इथे आसरा मागणाऱ्या लोकांचा विषय निघाला, तेव्हा मीच तावातावानं म्हणाले होते, "आम्ही नाही का रांगेत उभे राहिलो? मग यांनीही राहावं." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मला बरं वाटलं होतं.

वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियमचं हे प्रदर्शन लायब्रऱ्यांतून फिरतंय. इथल्या लोकांना तेव्हा काय माहीत होतं आणि त्यांनी काय केलं, हे ते विचारतं. नोव्हेंबर 1938च्या जनमत चाचणीत 94 टक्के लोकांना नाझींचं ज्यूंशी वागणं अमान्य होतं. जास्त निर्वासित येऊ द्यायचे का, तर 70 टक्क्यांहून अधिक लोक नको म्हणाले. जर्मनीसाठी वर्षाला 27,370 जागा, आणि 1939 मध्ये यादीत तीन लाखांवर माणसं. सेंट लुईस जहाजावरच्या 937 प्रवाशांपैकी बहुतेकांनी इथल्या व्हिसासाठी अर्ज केलेले होते. क्युबात थांबून ते आपल्या पाळीची वाट बघणार होते. क्युबानं बहुतेकांना उतरू दिलं नाही, तेव्हा अमेरिकेनं कळवलं की यादीतली पाळी येईपर्यंत थांबा. जहाज युरोपला परतलं. त्यातले 254 जण पुढे मारले गेले.

हे आकडे मी महिनाभर लोकांना सांगतेय. 'पाळी येईपर्यंत थांबा' हे तर रोज. ते माझंच कोजागिरीचं वाक्य आहे, हे एकदाही जाणवलं नाही.

त्या 94 टक्क्यांत मी असतेच. दुसऱ्या प्रश्नाला काय म्हणाले असते? 'या' म्हणाले असते, असं लिहायला पेन उचललं आणि लिहवेना.

आजींच्या वडिलांचं पुढे काय झालं, ते त्या बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

मंगळवारी पुन्हा पाळी आहे. आकडे तेच सांगीन. आमच्या अकरा वर्षांचं मात्र तिथे काढणार नाही. आमची रांग लांब आहे, त्रासाची आहे, आणि ती आम्ही उबदार घरात बसून काढतोय. एवढं आता मला धडपणे म्हणता येतं. वर्षाताईंशीही बोलायला हवं. ते जास्त अवघड आहे.

मघाशी यानं खालून हाक मारली, "अगं, व्हिसाचं नवं बुलेटिन आलं, रांगेची तारीख आठवडाभर पुढे सरकली!" म्हटलं, उद्या बघते.