चार गळे, चार मनं: ऑपेरात एकदम गाणारी माणसं वेगवेगळी ऐकताना

मागच्या नोंदीत मी आरियांपाशी, म्हणजे एकेकट्या पात्राच्या गाण्यांपाशी थांबले होते. त्यानंतरचे महिने एकाच गोष्टीला दिले. तीन, चार, सहा पात्रं एकाच वेळी आपापलं वेगळं गात असतात, तेव्हा त्यातला प्रत्येक जण स्वतंत्र ऐकू यायला हवा. हे अजून पुरतं जमलेलं नाही, पण जिथवर आले आहे ते लिहून ठेवते.

ऑपेराचा खरा कस इथेच लागतो, असं माझं मत आता पक्कं झालं आहे. सुंदर गाणं ऑपेराबाहेरही मिळतं. पण गद्य नाटकात चार माणसं एकदम बोलू लागली की नुसता गलका होतो. ऑपेरात नेमक्या त्याच क्षणी कोण कोणाला काय लपवतंय ते लख्ख दिसतं.

आपल्या कानांना याची सवय नाही. ख्यालात गवई एक ओळ पुढे नेतो, सारंगी किंवा हार्मोनियम तिच्या मागून जाते. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आलं, तेव्हापासून संगीत नाटकातही पद बहुधा ज्याचं त्याचं: एक गातो, बाकीचे ऐकतात. त्यामुळे दोन स्वतंत्र चाली एकदम आल्या की आपला कान त्यातली ठळक चाल धरतो आणि उरलेलं साथ म्हणून सोडून देतो. ही सवय मोडण्यातच माझा सगळा वेळ गेला.

सुरुवात ‘रिगोलेत्तो’च्या तिसऱ्या अंकातल्या क्वार्टेटने, म्हणजे चौघांनी मिळून गायच्या जागेने केली. वेर्दीचा हा ऑपेरा 11 मार्च 1851 ला व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात पहिल्यांदा झाला. व्हिक्टर ह्यूगोच्या ज्या नाटकावर तो बेतला आहे, ते 1832 साली पॅरिसमध्ये एका प्रयोगानंतरच बंद पाडलं गेलं होतं. व्हेनिसवर तेव्हा ऑस्ट्रियाचा अंमल होता आणि तिथल्या सेन्सॉरने राजाचं पात्र चालू दिलं नाही, म्हणून फ्रान्सच्या राजाचा मांतुआचा ड्यूक झाला.

प्रसंग असा. मिंचो नदीकाठी एक पडकी खानावळ. आत ड्यूक तिथल्या मादालेना नावाच्या तरुणीची मनधरणी करतो आहे. बाहेर अंधारात विदूषक रिगोलेत्तो आपल्या मुलीला, जिल्दाला, भिंतीच्या फटीतून हे सगळं बघायला लावतो, कारण तिचा अजून त्या ड्यूकवर जीव आहे. आतल्या दोघांना बाहेरच्यांचा पत्ता नाही. ड्यूकची चाल लांब, सलग, मींडेसारखी वाहणारी. तोंडात मध असलेला माणूस असाच गाणार. मादालेनाचे सूर छोटे आणि तुटक, जवळजवळ हसण्यासारखे. असल्या गोडबोल्यांना ती पुरती ओळखून आहे. जिल्दाचे सूर वरून खाली येताना मध्येच तुटतात, श्वास अडकावा तसे. रिगोलेत्तो खाली खर्जाकडे: रडून उपयोग नाही, सूड मी घेतो.

आधी मला ड्यूक आणि अधूनमधून जिल्दा, एवढंच ऐकू यायचं. मग उलट्या टोकाने सुरुवात केली. इटालियन शब्द चार रकान्यांत शेजारी शेजारी लिहून काढले आणि पहिल्यांदा फक्त रिगोलेत्तोचा रकाना बोटाने वाचत ऐकलं. सगळ्यात खालचा आवाज एकदा हाती लागला की तो पुन्हा निसटत नाही, हे मला या काळात मिळालेलं सगळ्यात उपयोगी सूत्र. त्यानंतर मादालेना. तिची ओळ सर्वात अवघड, कारण ती चालीसारखी वाटतच नाही, तालवाद्यासारखी वाटते. तिचे शब्द पाठ झाल्यावरच ती मला माणूस म्हणून ऐकू यायला लागली. जिल्दा शेवटी घेतली. वरचा आवाज तसाही लपत नाही.

ध्वनिमुद्रणाबद्दल एक अनुभव, तुम्हीही करून बघा. संचालक बॉनिंग यांचं 1971 चं स्टिरिओ ध्वनिमुद्रण (गायक सदरलँड, पावारोत्ती, मिल्न्स) ऐकायला सोपं आहे. पण कान तयार झाला तो 1955 च्या ला स्कालाच्या ध्वनिमुद्रणावर: सेराफिन यांचं संचालन, गायक कालास, दि स्तेफानो आणि रिगोलेत्तोच्या भूमिकेत गोब्बी. ते मोनो आहे, म्हणजे डावं-उजवं काही नाही, सगळे एकाच ठिकाणाहून येतात. मग आवाजाच्या पोतावरून आणि व्यंजनांच्या उच्चारावरूनच माणूस ओळखावा लागतो. गोब्बी यांचा शब्द इतका कोरीव आहे की तिघांच्या खालूनही तो निघून येतो. मला आज त्या एका रिगोलेत्तोसमोर दुसरा कोणी चालत नाही.

पडद्यावर बघून मात्र ही साधना होत नाही. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग दाखवतात, ते जरूर बघा. पण चौघे एकदम गात असताना पडद्याखालच्या भाषांतराच्या ओळीत एखाद-दोघांचंच वाक्य मावतं आणि डोळा ज्याचं वाक्य वाचतो त्याच्याकडेच कान जातो. रंगमंचाच्या वर भाषांतर दाखवण्याची पद्धत तशी नवीच, 1983 साली टोरांटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने ‘एलेक्ट्रा’च्या वेळी सुरू केलेली. त्याआधीचे प्रेक्षक शब्दांचं पुस्तक वाचून यायचे. मिळून गायलेल्या जागांसाठी ती जुनी रीतच चांगली.

दुसरा धडा बेटहोव्हनच्या ‘फिडेलिओ’ने दिला. पहिल्या अंकातल्या क्वार्टेटमध्ये चौघांना चाल एकच आहे: आधी मार्त्सेलीना, मग लिओनोरा, मग रोको, शेवटी याकिनो, एकामागून एक. मार्त्सेलीना प्रेमाच्या आनंदात आहे. पुरुषवेशातली लिओनोरा धास्तावली आहे, कारण ही मुलगी आपल्यालाच पुरुष समजून प्रेमात पडली आहे. मार्त्सेलीनाचा बाप रोको जावई मिळाल्याच्या समाधानात, आणि तिच्यावर जीव असलेल्या याकिनोच्या अंगावर हे बघून काटा उभा राहतो. मला आधी वाटायचं की वेगळ्या मनाला वेगळी चाल हवीच. इथे एकच चाल चौघांना पुरते, कारण प्रत्येक जण ती आपल्या एकांतात गातो आहे. हे सुरू होण्याआधी व्हायोला आणि चेलो जे वाजवतात, त्यासाठी तरी ती मोठ्या आवाजात ऐका.

दोनिझेत्तीच्या ‘लुचिया दी लामेरमूर’मधलं (1835) प्रसिद्ध सेक्स्टेट, म्हणजे सहा जणांचं गाणं, ऐकलं. रूप अप्रतिम, पण माणसं तितकी वेगळी होत नाहीत. प्रियकर एदगार्दोची चाल पुढे नायिका लुचिया उचलते आणि सगळे एकाच लाटेवर जातात. कोणी रागावलं तरी चालेल, मी त्याला वेर्दीच्या क्वार्टेटखाली ठेवते.

सध्या मुक्काम मोझार्टच्या ‘फिगारो’च्या (व्हिएन्ना, 1786) दुसऱ्या अंकाच्या फिनालेवर, म्हणजे अंकाच्या शेवटच्या सलग भागावर आहे. वीसेक मिनिटं संगीत थांबतच नाही. आधी काउंट आणि काउंटेस दोघेच, मग कपाटाच्या खोलीतून सुझाना बाहेर येते, मग फिगारो, मग चिरडलेल्या फुलांची कुंडी घेऊन माळी अंतोनियो. माळी गेल्यावर मार्चेलीना, बार्तोलो आणि बाझिलियो येतात आणि सात जण होतात, चार विरुद्ध तीन: काउंट आणि हे तिघे एकीकडे, काउंटेस, सुझाना आणि फिगारो दुसरीकडे. पाच जणांपर्यंत माझा कान आता टिकतो. मला सगळ्यात आवडते ती सैन्यातल्या नेमणुकीच्या कागदाची जागा. त्यावर शिक्का नाही, हे काउंटेस सुझानाला कुजबुजते, सुझाना फिगारोला, आणि समोर काउंट, हा कागद फिगारोकडे का होता याच्या उत्तराची वाट बघत उभा. ती कुजबुज एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाताना आता स्पष्ट ऐकू येते. सात जणांत मात्र बार्तोलो आणि बाझिलियो अजून एकमेकांत मिसळतात. तिथे पुन्हा रकाने आखायला घेतले आहेत.

स्वरलिपी चाळताना एक गंमत सापडली. ‘रिगोलेत्तो’चं क्वार्टेट, ‘लुचिया’चं सेक्स्टेट आणि रिचर्ड श्ट्राउसच्या ‘रोझेनकावालियर’चा (1911) शेवटचा ट्रायो (तिघांचं गाणं), तिन्ही डी फ्लॅट मेजर या एकाच स्वरपट्टीत आहेत. त्या ट्रायोत तिन्ही आवाज बायकांचे, त्यामुळे खालचा आवाज आधी धरायचं माझं सूत्र तिथे नीट चालत नाही. म्हणून तो मुद्दाम पुढे ढकलला आहे.

‘फिगारो’ झाला की ‘फाल्स्टाफ’चा शेवटचा फ्यूग, म्हणजे एकच चाल एकामागून एक आवाज उचलतात तशी रचना. वेर्दी 79 वर्षांचा असताना, 1893 साली, ला स्कालात हा ऑपेरा आला, आणि एकाच चालीवर एकेक पात्र येत सगळे भरतवाक्यासारखे पुढे उभे राहतात. सुरुवात फाल्स्टाफच करतो, तेवढा धागा हाताशी आहे. दहा गायक आणि वर कोरस, असं कोणी आधीच उलगडून ऐकलं असेल तर पहिल्या फेरीत कुठले तीन आवाज धरायचे ते सांगा.