तीन नंबरच्या बेचा पाइप

आमच्या गाड्या धुवायच्या सेंटरचा पंप १०० बारवर चालतो. बार म्हणजे दाबाचं माप. पाइपवर छापलंय १८० बार. आणि पाइपच्या तक्त्याप्रमाणे तो फुटायचा तर त्याच्या चौपट, म्हणजे ७२० बार लागतात. तरी तीन नंबरच्या बेचा, म्हणजे गाडी धुवायच्या कप्प्याचा, पाइप दर काही महिन्यांनी फुटायचाच. एक, दोन आणि चारचा नाही, फक्त तीनचा. शेठचं निदान ठरलेलं होतं. "माल डुप्लिकेट आहे. डबल वायर टाक."

मी आधी अंबडच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक होजच्या, म्हणजे जास्त दाबाच्या पाइपांच्या दुकानात, टोकाची जोडणी दाबून बसवायच्या क्रिंपिंग मशीनवर होतो. आता आडगावच्या अलीकडे, आग्रा हायवेच्या सर्व्हिस रोडला असलेल्या सेल्फ सर्व्हिस वॉशिंग सेंटरची देखभाल बघतो. गिऱ्हाइकानं क्यूआर स्कॅन करायचा, टायमर चालू झाला की गन हातात घ्यायची, आधी फोम, मग पाणी, आपली गाडी आपणच धुवायची. त्यामुळे पाइप दिवसभर अनोळखी हातांत असतो. कुणी तो बंपरवरून ओढतं, कुणी चाकाखाली अडकला की हिसका मारतं, कुणी तर त्याच्यावरूनच गाडी बाहेर काढतं.

म्हणून इथला पाइप निवडताना नुसता बारचा आकडा बघून चालत नाही. आम्ही वापरतो तो तीन सुती, म्हणजे ३/८ इंची, सिंगल वायर, तक्त्यातलं नाव १एसएन. आत रबर, मधे पोलादी तारेची एक जाळी, बाहेर पुन्हा रबर. डबल वायरला जाळ्या दोन, ३३० बार झेलतो, पण तो सिंगलच्या दीडपट जड आणि चांगलाच ताठ असतो. जेसीबीवर एकदा बसवला की तो तिथंच राहतो, तिथं हे चालतं. पण इथं स्विफ्ट धुवायला आलेल्या ताईंनी तो घेऊन गाडीभोवती फिरायचं असतं. हात भरून आला की त्या गन खाली टाकतात, आणि मग गनही जाते, फरशीही.

दुसरी गोष्ट वरच्या रबराची. साधा काळा हायड्रॉलिक पाइप पांढऱ्या गाडीला घासला की काळे ओरखाडे उठतात, आणि नाशकात पांढऱ्या गाड्या किती ते कुणीही सांगेल. त्यासाठी डाग न पाडणारा राखाडी किंवा निळा पाइप येतो, थोडा महाग पडतो. आणि घेताना पाइपवरची तारीख वाचायची. रबर गोदामात पडूनही म्हातारं होतं. कोपऱ्यातला जुना रोल स्वस्तात मिळाला म्हणून खूश व्हायचं कारण नाही. निपल (पाइपच्या टोकात बसणारी जोडणी) आणि फेरूल (तिच्यावर बाहेरून दाबायची धातूची टोपी) मशीनवर दाबलेलेच हवेत. जुबली क्लिप, म्हणजे स्क्रूचा पट्टा, आवळून काम भागवणारे मी बघितलेत, त्यांच्या आसपास मी उभा राहत नाही.

हे सगळं तीन नंबरलाही केलेलं होतं, पाइप एकाच रोलमधले होते, मग डुप्लिकेट माल एकाच बेला कसा लागेल? पण शेठशी वाद घालायला पुरावा लागतो, म्हणून फुटलेले पाइप मी फेकत नव्हतो. शेडमागे, डीलरला दाखवायला म्हणून, ठेवून दिले होते.

तर खंडेनवमीचा दिवस. त्या दिवशी अख्ख्या नाशकाला आपली गाडी आजच धुवायची असते. सकाळपासून रांग सर्व्हिस रोडवर गेलेली, निम्म्या लोकांच्या डिकीत झेंडूचे हार तयार. अकराच्या सुमाराला तीनमध्ये एक बुलेट होती, कॉलेजची दोन पोरं. मी चार नंबरच्या फोमचं नोजल साफ करत होतो आणि कानावर बारीक शिट्टीसारखा आवाज आला. गनचा नव्हे. गनचा आवाज जाडा असतो.

वळून बघितलं तर पाइपमधून धुक्यासारखा बारीक फवारा उडत होता. सुईनं टोचल्यासारखं भोक. त्यातला एक पोरगा म्हणाला, "थांब, मी धरतो," आणि हात पुढे केला.

एवढ्या मोठ्यानं मी घरीसुद्धा कधी ओरडलो नाही. ओरडत ओरडतच भिंतीवरचं लाल बटण दाबलं. पंप बसला, चारही बे बंद पडले, रांगेतले हॉर्न सुरू झाले. पोराचा हात पाइपपासून वीतभर लांब राहिला होता.

"काका, पाणीच तर आहे," तो म्हणाला. चूक त्याची नव्हती, कुणालाही तसंच वाटेल. पण १०० बारचं पाणी सुईएवढ्या भोकातून येतं तेव्हा ते कातडीतून थेट आत शिरतं. वरून मुंगी चावल्याएवढी खूण दिसते, रक्तही फारसं येत नाही, आणि आत मांस सोलवटत जातं. अंबडला असताना एकाच्या बोटात तेल असं शिरलं होतं. त्याला दुपारपर्यंत काही वाटलं नाही, संध्याकाळी हात सुजून मनगटापर्यंत आला, ऑपरेशनवर गेलं. तेव्हापासून माझा नियम एकच, चालू पाइपवर गळती हातानं शोधायची नाही. फडक्यानं पण नाही. आणि तसं काही झालंच तर जखम केवढीशी का दिसेना, तडक हॉस्पिटल गाठायचं आणि 'प्रेशरनं आत गेलंय' हे डॉक्टरांना आपल्या तोंडानं सांगायचं.

पोरांना एक नंबरला पाठवलं, उरलेली मिनिटं तिथं दिली. तीनचा व्हॉल्व्ह बंद करून बाकीचे बे चालू केले आणि तीनच्या गनचा ट्रिगर दाबला. पंप बंद झाला म्हणजे पाइप मोकळा झाला असं नसतं, आत दाब अडकून राहतो. पाणी थेंबावर आल्याशिवाय पाना लावायचा नाही. पाने दोन लागतात. एकानं निपल धरायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा, नाहीतर नटाबरोबर पाइपही पिळला जातो. पाइपच्या लांबीवर छापलेली ओळ असते ना, ती त्यासाठी फार कामाची. बसवल्यावर ती सरळ दिसली पाहिजे. दोरीसारखी फिरत गेली असेल तर पाइप पिळलाय, पुन्हा सोडवायचा.

स्पेअर पाइप तयारच होता. सांध्यातला डावटी वॉशर (आतून रबराची कड असलेली धातूची चकती) बदलला, पाइप चढवला, आधी गनशिवाय पाणी सोडून कचरा काढला, मग गन लावली. तेवढ्यात शेठचा फोन. मागून कुणीतरी बे बंद असल्याचं कळवलं असणार. "आज दसऱ्याचा धंदा आहे आणि तू बे बंद करतोस?" मग पुन्हा तेच, डबल वायर.

रांगेत तीन नंबरसाठी एक पिकअप उभी होती. निफाडकडचे शेतकरी, साठीचे असतील. पहाटे मार्केट यार्डात झेंडू विकून परत निघालेले, गाडीच्या हौद्यात पाकळ्यांचा नुसता चिखल. मी काढलेला पाइप आणि शेडमागचे जुने दोन असे शेजारी शेजारी जमिनीवर टाकले होते, गनकडची टोकं जुळवून. तिन्ही एकाच जागी फुटलेले. एक वीतभरसुद्धा फरक नाही. ते उतरून जवळ आले, उकिडवे बसले आणि ताज्या पाइपवर, फुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना, अंगठा फिरवला.

"इथं मोडलाय हा," म्हणाले. मग उठून भिंतीकडे गेले. "भाऊ, हा पाइप टांगता कशावर?"

बाकीच्या तीन बेंना छतातून फिरणारा बूम, म्हणजे पाइप टांगायचा दांडा आहे. पाइप वरून येतो, टांगलेला असताना जमिनीला लागतच नाही. तीन नंबरला शेडची कैची, म्हणजे छपराचा लोखंडी सांगाडा, खाली उतरलेली, बूम फिरायला जागा नाही. म्हणून बांधकामाच्या वेळीच फॅब्रिकेटरनं भिंतीवर आठ एमएम सळईचा आकडा ठोकून दिला होता. गन भिंतीवरच्या तिच्या खिशात खोचायची आणि पाइपचा झोळ आकड्यावर टाकायचा. गनचा खिसा ठरलेला, आकडा ठरलेला, म्हणजे पाइप मोडणार तोही ठरलेल्याच जागी.

"आमच्या फवारणीच्या ब्लोअरचा पाइप असा खिळ्याला लटकवला तर एका छाटणीत जाईन," ते म्हणाले. "आम्ही जुन्या टायरवर गुंडाळून ठेवतो. आता द्राक्षाची गोडी छाटणी झाली की रोज फवारणी, पाइप फुटून परवडत नाही."

मी खिशातली सुरी काढून फुटलेल्या जागेचं वरचं रबर सोललं. आत तारेची जाळी एका बाजूला तुटून कुसळासारखी उभी राहिली होती, टोकं लाल गंजलेली. बोटभर पुढची जाळी मात्र नव्यासारखी चकचकीत. माल डुप्लिकेट असता तर गंज असा तंतोतंत एका जागी बसला नसता.

या पाइपला कमीत कमी १३० मिलिमीटर त्रिज्येचा वळसा चालतो. आमच्या आकड्यावर तो बोटाएवढ्या गोलाईत मोडत होता. त्यात वेळ संपला की लोक गन तशीच खोचून जातात, आतला दाब आतच. म्हणजे मोडलेला पाइप रात्रभर फुगून सरळ व्हायला बघतोय आणि आकडा त्याला सरळ होऊ देत नाही. वाकणात तारा एकमेकींवर घासतात, एकेक तुटते, वरच्या रबराला चीर जाते, तिथून पाणी शिरून गंज. शेवटी आतलं रबर तुटक्या जाळीतून डोकं वर काढतं. पाइपवर फोड आलेला दिसतो तो यातलाच प्रकार. फोड दिसला की पाइप काढायचा, टाचणीनं फोडून बघायचा नाही.

शेठला फोनवर हेच सांगितलं. डबल वायरलासुद्धा तोच १३० चा वळसा लागतो, तक्त्यात तसंच लिहिलंय. आकडा तोच ठेवला तर महागातला पाइप फुटेल, एवढाच फरक. ते गप्प झाले. महागातला हा शब्द त्यांना लगेच पोचतो.

शेजारच्या पंक्चरवाल्याकडून स्कूटरचा भंगार टायर आणला. आधी वाटलं रिमच लावावी, दिसायला बरी. पण दहा इंची रिमची त्रिज्या १२७ भरते, शिवाय पाइप तिच्या खोबणीत बसणार, ती अजून लहान. टायर अर्धा कापला, नक्षीची बाजू वर करून भिंतीला बोल्टनं आवळला, पाइप घसरू नये म्हणून दोन्ही कडांना पट्ट्या मारल्या. आकडा ग्राइंडरनं मुळापासून उडवला. ठेवला असता तर लोकांनी सवयीनं त्यावरच टांगला असता. पिकअप तोवर धुऊन झाली होती. त्यांचे पैसे मी घेत नव्हतो, पण त्यांनी आधीच स्कॅन केलेला, आणि मशीन काही माझं ऐकत नाही.

आता सकाळी पंप चालू करायच्या आधी चारही पाइपांवरून नजर फिरवतो. फेरूल आणि रबराच्या सांध्यावर पेंट मार्करची एक रेघ मारून ठेवलीय, रेघ तुटलेली दिसली की पाइप फेरूलमधून सरकतोय. तार चमकताना दिसली तर चिकटपट्टी नाही, सरळ बदली. गनजवळची स्प्रिंग वर सरकली असेल तर खाली आणायची, लोक ती मूठ समजून ओढतात. आणि प्रत्येक बेला पाटी लावलीय: 'वेळ संपल्यावर ट्रिगर दाबून पाइप मोकळा करा, मगच गन ठेवा.' दहातले चार जण वाचत असतील. उरलेल्यांचे ट्रिगर रात्री कुलूप लावताना मी दाबतो.

शेठ दिवाळीनंतर येऊन टायर बघून गेले. त्यांना तो इतका आवडला की व्हॅक्युमचे आणि फोम ब्रशचे पाइपही टायरवरच टांगायचे म्हणाले. मी पुन्हा पंक्चरवाल्याकडे गेलो. मागच्या वेळी "न्या हो, तेवढीच जागा मोकळी होते" म्हणणाऱ्यानं आता भंगार टायरला नगावर भाव लावला होता.