नाशिकरोडला छापलेल्या पाकिस्तानच्या पहिल्या नोटा : माझा अनुभव

पाकिस्तानच्या पहिल्या कागदी नोटा नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या गेल्या आणि त्यांतील पाच व दहा रुपयांच्या नोटांवर रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची सही आहे, हे मला वयाच्या पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हते. माझे बालपण नाशिकरोडलाच गेले आणि शेजारपाजारची अनेक माणसे प्रेसमध्ये नोकरीला होती. तरीही ही गोष्ट मला समजली ती जुन्या नोटांच्या एका लिलावाची पुस्तिका चाळताना. त्या पुस्तिकेतील छायाचित्रात सहाव्या जॉर्ज राजाचे चित्र, रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाचे नाव आणि त्याच कागदावर ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ हे शब्द एकत्र पाहिले, तेव्हा या नोटा आपल्या संग्रहात असाव्यात असे मनाने घेतले.

या नोटांची पार्श्वभूमी फाळणीच्या व्यवहारात आहे. ऑगस्ट 1947 मध्ये पाकिस्तानकडे स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती आणि नोटा छापण्याची सोयही नव्हती. त्यामुळे 30 सप्टेंबर 1948 पर्यंत रिझर्व्ह बँक ऑफ इंडियानेच दोन्ही देशांचे चलन सांभाळावे असे ठरले. पुढे दोन्ही देशांत वितुष्ट आले, पाकिस्तानला द्यावयाच्या 55 कोटी रुपयांचा वाद पेटला आणि ही मुदत तीन महिन्यांनी अलीकडे आणून 30 जून 1948 करण्यात आली. मात्र त्यापूर्वी, 1 एप्रिल 1948 पासून, एक, दोन, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा पाकिस्तानात वापरात आल्या होत्या. त्या भारतीय आराखड्याच्याच होत्या, परंतु त्यांचे पैसे भारतात मिळणार नव्हते. नोटेवर पैसे देण्याचे वचन रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाच्या नावाने आहे आणि ती नोट भारतातच चालत नाही, ही स्थिती मला आजही विलक्षण वाटते. एक रुपयाच्या नोटेवर तर भारत सरकार आणि पाकिस्तान सरकार या दोघांचीही नावे आहेत, आणि सही आहे ती सी. ई. जोन्स या भारत सरकारच्या ब्रिटिश वित्त सचिवांची.

माझी पहिली खरेदी फसली. एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून मी दहा रुपयांची नोट घेतली. कागद अस्सल होता, जलचिन्ह, म्हणजे उजेडाकडे धरल्यावर कागदात दिसणारे चित्र, अस्सल होते, देशमुखांची सही अस्सल होती, त्यामुळे मला शंका घेण्यासारखे काही दिसले नाही. घरी आल्यावर ती मी शेजारच्या काकांना दाखवली. ते प्रेसच्या छपाई विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी नोट खिडकीशी नेली, भिंगातून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “अरे, ही नोट आधी जुनी झालीय आणि ही अक्षरं तिच्यावर नंतर आलीत.” मग त्यांनी मला उभी घडी दाखवली. त्या घडीवर नोटेची मूळ छपाई झिजून पांढरी पडली होती, पण ‘पाकिस्तान’ या शब्दातील अक्षर मात्र ती घडी अखंड ओलांडून गेले होते आणि त्याची शाई कागदाच्या उसवलेल्या तंतूंमध्ये पसरली होती. नोट 1948 पासून वापरात राहिली असती तर अक्षरही घडीबरोबरच झिजले असते. कोणीतरी साध्या भारतीय नोटेवर ते शब्द अलीकडे छापले होते.

त्या दिवशी काकांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला पुढच्या प्रत्येक खरेदीत उपयोगी पडली. पुष्कळ लोक या नोटांना शिक्का मारलेल्या नोटा म्हणतात, पण अस्सल नोटांवर शिक्का नाहीच. भारतीय नोटांच्या छपाईच्या पत्र्यांवरच ते शब्द कोरून घेतले होते आणि नोट छापतानाच ते तिच्यासोबत उमटत असत. जलचिन्हाच्या मोकळ्या जागेच्या वरच्या भागात इंग्रजी शब्द असतात, खालच्या भागात उर्दूतील ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ असते आणि ते फक्त नोटेच्या पुढच्या बाजूला असतात. म्हणून शब्द मागच्या बाजूलाही आढळले, तिरके बसलेले दिसले किंवा बाकीच्या छपाईवर वेगळ्या थरासारखे वाटले, तर पुढे पाहण्याची गरजच उरत नाही.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मी काहीही विकत घेतले नाही. लिलावांच्या पुस्तिकांतील छायाचित्रे गोळा केली, प्रत्येक मूल्याच्या नोटेवर ते शब्द नेमके कोठे बसतात हे मोजून एका वहीत मांडले, अनुक्रमांकाच्या आधीची अक्षरे टिपून ठेवली आणि त्याच आराखड्याच्या साध्या भारतीय नोटा स्वस्तात घेऊन भिंगाखाली शेजारी ठेवून पाहण्याचा सराव केला. हा सराव मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण मूळ भारतीय नोटेची छपाई डोळ्यांत बसली की तिच्यावर नंतर चढवलेली अक्षरे परकी दिसू लागतात.

एक रुपयाची नोट मला मुंबईत मिळाली, पाचाची पुण्यात. दोन्ही वापरलेल्या आहेत, पाचाच्या नोटेला तर गड्डी शिवताना पडलेली टाचणीची भोके आहेत, पण झीज सगळीकडे सारखी आहे. जेथे घडीने राजाच्या चित्राभोवतीची रेषा पुसली गेली आहे, तेथेच तिने उर्दू अक्षरही खाल्ले आहे. दहाची अस्सल नोट मिळेपर्यंत आणखी तीन वर्षे गेली. ती घेऊन मी थेट काकांकडे गेलो. त्यांनी तीच खिडकी, तेच भिंग घेतले, घडी पाहिली आणि या वेळी काही न बोलता नोट माझ्या हातात परत ठेवली.

दोन रुपयांची नोट अजून हवी आहे, आणि शंभराची तर इतक्या क्वचित विक्रीला येते की तिच्यासाठी मी घाई करत नाही. आहेत त्या नोटा मी साध्या पीव्हीसी पाकिटांतून काढून मायलर या पॉलिस्टर प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवल्या, कारण पीव्हीसी कालांतराने कागदाला चिकटते आणि छपाई बिघडवते. फसवी नोटही टाकून दिली नाही. तिच्यावर पेन्सिलीने काही लिहिण्याऐवजी पाकिटावर ‘अक्षरे नंतरची’ अशी चिठ्ठी लावली आहे.

अल्बमच्या समोरच्या पानावर मी 1 ऑक्टोबर 1948 रोजी स्टेट बँक ऑफ पाकिस्तानने काढलेल्या पहिल्या मालिकेतील चंद्रकोरीची पाच रुपयांची नोट लावली आहे, आणि तिच्या खाली भारताची 1949 ची, सारनाथच्या सिंहांची, वित्त सचिव के. आर. के. मेनन यांच्या सहीची एक रुपयाची नोट. भारताने आपल्या नोटेवरून राजाचे चित्र काढले, त्याच्या वर्षभर आधी त्याच राजाचे चित्र असलेल्या नोटा नाशिकरोडहून पाकिस्तानसाठी रवाना झाल्या होत्या. काकांनी हे पान पाहिले तेव्हा ते देशमुखांच्या सहीवर बोट ठेवून बराच वेळ बसले होते.