भेग नव्हे, सांधा

नाशिकच्या भांडी बाजाराजवळच्या गल्लीतलं विटांचं दुमजली घर. ते पाडावं की राखावं, एवढंच मला तपासणी करून सांगायचं होतं. घर बांधलं तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या कारखानदाराने. पुढे राहतं घर, मागे कारखाना. काळ्या पाषाणाचं जोतं, वर चुन्यातलं वीटकाम, सागवानी खांब. माजघर आणि कारखाना यांच्यामध्ये मात्र जोत्यापासून थेट आढ्यापर्यंत उभी भेग. आधी पाहून गेलेल्यांनी तिच्यावरूनच घर धोकादायक ठरवलं होतं. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं.

तरी भेगेवर काचेच्या आडव्या पट्ट्या चिकटवून ठेवल्या. भिंत सरकली तर काच तडकते. अख्खा पावसाळा गेला, एकही तडकली नाही.

मग गिलावा उतरवायला घेतला. तो सिमेंटचा, १९६९च्या महापुरानंतर केलेला. खालच्या विटांना क्षारांचा लोणा लागला होता, बोट लावलं की भुगा. चुन्याच्या भिंतीतली ओल चुन्याच्याच गिलाव्यातून सुकत जाते; सिमेंट ती आत कोंडतं. जुन्या नाशकातल्या कित्येक भिंतींवर मी हेच पाहते आणि दर वेळी जीव तुटतो, कारण दोष मात्र घराच्या वयाला दिला जातो.

भेगेपाशी आलो आणि मिस्त्री थांबले. "मॅडम, एकही वीट तुटलेली नाही."

खरंच नव्हती. भिंत फाटली की भेग विटांमधल्या चुन्याच्या दर्जांमधून पायऱ्यांसारखी चढते, नाहीतर विटा चिरत जाते. इथे दोन्हीकडे विटांचे काठ ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या रेषेत, नीट बंद केलेले. या दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्याच नव्हत्या!

घरातल्या आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांना विचारलं.

"अगं, मागे दिवसभर मठारकाम चालायचं," त्या म्हणाल्या. "ठोक्यांवर ठोके. पण देवघरातली समई कधी हलली नाही."

कारखान्याचा हादरा घरात येऊ नये, म्हणून बोटभर फट सोडून तो वेगळा उभा केला होता. गिलावा करणाऱ्यांनी फट बुजवली, पुढे तेवढ्याच रेषेत सिमेंट तडकलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही ती कोरून मोकळी केली. अहवालात 'भेग' खोडून 'सांधा' लिहिलं आणि घर राखावं, गिलावा चुन्याचा करावा, असं कळवलं. आत्याबाई काठी टेकत आल्या, फटीशी हात धरून उभ्या राहिल्या.

"उन्हाळ्यात इथूनच वारा यायचा," म्हणाल्या.