डॉक्टर बी अन् फिलॉसॉफर बी

आमच्या लातूरला मेडिकल म्हणलं की नीटचा स्कोर, कटऑफ, अन् पुढं पीजीला कुठली ब्रँच, बास, ह्याच्यापलीकडं गप्पा जातच नाहीत. म्हणून गेऑर्ग नॉर्थोफ ह्या जर्मन माणसाबद्दल लिहावं वाटलं. मेडिसिन शिकला, फिलॉसॉफी बी शिकला, सायकियाट्रिस्ट झाला अन् मग मेंदूच्या रिसर्चमध्ये घुसला.

त्याचं मला सगळ्यात पटलेलं काम कॅटाटोनियावरचं, १९९० च्या दशकातलं. ह्या आजारात माणूस जागा असतो पण हालत नाही, बोलत नाही, हात वर करून ठेवला तर तसाच राहतो. आपल्याकडं असला पेशंट आधी अंगाऱ्याला नेतेत, दवाखाना नंतर. लोराझेपाम दिलं की बरेच जण थोड्या वेळात हालायला बोलायला लागतेत. मेंदूला ब्रेक लावणारं गाबा नावाचं रसायन असतं, ही गोळी त्याचाच जोर वाढवते. आता साधा डॉक्टर इथंच थांबला असता, पेशंट उठला, झालं. नॉर्थोफनं त्यांनाच विचारलं की तेव्हा आत काय चालू होतं. पार्किन्सनवाल्याला कळतं की अंग साथ देईना अन् त्याचा त्याला लई त्रास होतो, पण हे कॅटाटोनियावाले हालता येत नव्हतं म्हणून तक्रारच करीनात, ते सांगायचे भीतीचं, की भावनांनी पार कोंडून गेलो होतो. दोघं बी बाहेरून बघितलं तर दगडासारखे पडलेले! हा प्रश्न सुचायला फिलॉसॉफीच लागते असं माझं मत.

पुढं त्यानं थेट 'मी' लाच हात घातला. स्वतःबद्दल विचार करताना मेंदूच्या मधल्या रेषेजवळचे भाग जास्त कामाला लागतात, हे त्यानं २००४ मध्ये एका सहकाऱ्यासोबत मांडलं अन् २००६ ला बऱ्याच स्कॅनच्या अभ्यासांची मोट बांधून दाखवलं. नंतर कॅनडात ओटावाला गेला. त्याची पुस्तकं जड असतेत, झोप येते, पेपर बरे. अन् स्कॅनमध्ये रंगीत ठिपका दिसला म्हणून 'मी' सापडला असं मला तरी वाटत नाही.

आपल्या अंबाजोगाईत सरकारी मेडिकल कॉलेज बी हाय अन् मुकुंदराजांची समाधी बी, पण एमबीबीएसचं पोरगं 'मी कोण' म्हणत तिकडं जाऊन बसलं तर घरचे आधी त्यालाच सायकियाट्रिस्टकडं नेतील.

खरं तर मार्ग हाय की, एमबीबीएस झाल्यावर इग्नूतून फिलॉसॉफीत एमए करता येतं, पदवी कुठली बी चालते. हे सगळं भाच्याला रंगवून सांगितलं, त्यानं फिजिक्सच्या पुस्तकातून मान बी वर केली नाही.

"मामा, आधी सीट तर लागू द्या."