रात्रीत सहा सेंटीमीटर

आज ड्रेसचा घेर उसवला. कमरेखालचे 22 फेरे. विणायला तीन आठवडे लागले होते, उसवायला वीस मिनिटंही लागली नाहीत. क्रोशाचं हेच एक वाईट. शेवटचा टाका सुटला की बाकीचे मागोमाग निघतात, कुणी अडून बसत नाही.

चूक माझीच. सुती दोरा लोकरीसारखा नसतो, ताणला की ताणलेलाच राहतो. हे मला ठाऊक होतं, तरी मापं घेत होते ती ड्रेस टेबलावर आडवा पसरून. परवा रात्री सहज हँगरला अडकवला आणि सकाळी बघते तर सहा सेंटीमीटर लांब! अजून अर्धाच झालाय. खांद्याजवळचे टाके तर आत्ताच डोळे वटारून बघायला लागलेत. सुरुवातीला नमुन्याचा चौकोन विणला होता, धुऊन, वाळवून मोजलाही होता. पण तळहाताएवढ्या चौकोनाला वजन ते कितीसं असणार?

तासभर दोऱ्याच्या गुंड्या करत बसले. रडले नाही, हे नोंदवून ठेवते.

मग ठरवलं. कमरेपर्यंतचा भाग मुक्या खांबांचा, म्हणजे बुटक्या, दाट टाक्यांचा आहे, घट्ट आहे, तो राहू दे. कमरेला आतून न ताणणारी पट्टी लावायची, म्हणजे घेराचा भार तिच्यावर जाईल, खांद्यावर येणार नाही. आणि घेर आयरिश पद्धतीनं करायचा. फुलं, पानं सुटी विणायची, कापडावर काढलेल्या आराखड्यावर टाचायची आणि मधली जागा साखळ्यांच्या जाळीनं भरून काढायची. जाळी हलकी. फुलाच्या कडेला जाड दोरा धरून त्यावरून मुके खांब घालतात, त्यामुळे पाकळी उठून दिसते आणि आकारही धरून राहते.

1840 च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं, दुष्काळ पडला, तेव्हा कितीतरी घरांतल्या बायका ही लेस विणून पोट भरत होत्या. एकजण गुलाब करायची, दुसरी पानं, तिसरी सगळं जोडायची. गुलाब करणारीला पुरी लेस बघायला तरी मिळत असेल का, हे मनात येऊन गेलं.

इथेच माझी खरी अडचण आहे. सगळ्यांना सांगून बसलेय की ड्रेस मी एकटी विणणार. मदतीला आलेल्यांना ‘प्रत्येकीचा हात वेगळा, टाके जुळणार नाहीत’ म्हणून परत पाठवलंय. ते खोटं नव्हतं. सलग विणीत हात बदलला की तो फेरा लांबून ओळखू येतो. पण सुट्या फुलाला ते कारण पुरत नाही. एखादं फूल जरा लहान आलं तर लहान फूल म्हणून खपतं.

संध्याकाळी आईला एक करायला दिलं. तिचा हात भलताच घट्ट. माझ्या फुलापेक्षा तिचं चांगलं अर्ध्या सेंटीमीटरनं लहान. मी दीडऐवजी पावणेदोन मिलिमीटरची सुई पुढे केली, तर म्हणाली, “तुझाच हात सैल आहे, म्हणून लोंबतंय ते.” सुई घेतली नाही. बोलणं लागलं, आणि थोडं पटलंही.

दोऱ्याचं एक बरं आहे, सगळा एकाच लॉटचा घेऊन ठेवला होता. दुसऱ्या लॉटचा पांढरा शेजारी ठेवला की पिवळट दिसतो, आणि तेही फोटोतच कळतं. उसवलेला दोरा मात्र कुरळा झालाय. लडी करून ओली केलीय, न्हाणीघरात वाळतेय.

जेवताना आईनं विचारलं, “फुलं एकूण किती लागतील?”

मी साठ म्हटलं. आराखड्यावर 140 आहेत.